कन्सेप्ट कार: नाशिकच्या विद्यार्थ्यांना आणि गाडीवेड्यांना पडणारे प्रश्न

ऑटो शोच्या मंचावर एक गाडी फिरत असते. दाराला हँडल नाही, आरसे नाहीत, चाकं प्रचंड. दोन-तीन वर्षांनी तिच्याच नावाची, पण बरीच साधी गाडी शोरूममध्ये येते आणि लोक म्हणतात, "दाखवलं एक, विकलं दुसरं." मधल्या काळात नेमकं काय होतं, हे सांगण्यासाठी हे पान आहे. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत डाय (पत्र्याला आकार देणारा साचा), प्रेस (तो दाबणारं यंत्र), फिक्स्चर (भाग घट्ट धरणारी चौकट) हे शब्द घरोघरी माहीत असतात, म्हणून उत्तरं शक्यतो त्याच भाषेत दिली आहेत.

कन्सेप्ट कार, प्रोटोटाइप आणि टेस्ट म्यूल यांत फरक काय?

कन्सेप्ट कार लोकांना दाखवण्यासाठी बनते. कंपनीला एक दिशा सुचलेली असते, ती पूर्ण आकारात उभी करून लोकांना कशी वाटते हे पाहायचं असतं. प्रोटोटाइप ही विकायच्या गाडीची आधीची प्रत. तिच्यात खरे किंवा खऱ्याच्या जवळचे भाग असतात आणि तिच्यावर चाचण्या होतात. टेस्ट म्यूल म्हणजे नवं इंजिन, गिअरबॉक्स किंवा सस्पेन्शन जुन्याच गाडीच्या अंगात घालून रस्त्यावर आणलेली गाडी. महामार्गावर काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या कापडात दिसते ती म्यूल किंवा प्रोटोटाइप असते, कन्सेप्ट नसते.

पहिली कन्सेप्ट कार कोणती?

साधारणपणे १९३८ ची ब्यूक वाय-जॉब मानली जाते. जनरल मोटर्सने १९२७ मध्ये डिझाइनसाठी स्वतंत्र विभाग काढला आणि त्याचे प्रमुख हार्ले अर्ल यांनी ही गाडी करवून घेतली. लपणारे दिवे आणि विजेवर चालणाऱ्या काचा तिच्यात होत्या. ती कधी विकली गेली नाही. अर्ल ती स्वतः वापरत. पूर्ण आकाराचं मातीचं मॉडेल करून गाडी ठरवण्याची पद्धत रुजवण्यातही त्यांचाच वाटा मोठा.

विकायचीच नसेल तर एवढा खर्च कशासाठी?

लोकांची नाडी पाहणं हा पहिला उपयोग. डॉज वायपर १९८९ मध्ये डेट्रॉइटला कन्सेप्ट म्हणून ठेवली होती. प्रतिसाद इतका जोरदार आला की ती उत्पादनात गेली आणि १९९२ चं मॉडेल म्हणून विकली गेली. फोक्सवॅगनची कन्सेप्ट वन १९९४ ची. नवी बीटल तिच्यातूनच आली.

दुसरा उपयोग तंत्रज्ञानाची ओळख करून देण्याचा. टोयोटाने १९९५ मध्ये टोकियोत प्रियस हे नाव कन्सेप्टवर लावलं आणि १९९७ च्या डिसेंबरमध्ये त्या नावाची हायब्रिड गाडी विकायला काढली. जनरल मोटर्सने जानेवारी १९९० मध्ये इम्पॅक्ट ही इलेक्ट्रिक कन्सेप्ट दाखवली आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने शून्य-उत्सर्जन गाड्यांचा नियम आणला. अशी गाडी बनू शकते हे डोळ्यांसमोर आल्यावर नियम करणाऱ्यांचंही धाडस वाढतं.

तिसऱ्या उपयोगाची बाहेर फारशी चर्चा होत नाही, पण आमच्या मते तोच सर्वांत मोठा. कन्सेप्टमुळे कंपनीच्या आतले वाद मिटतात. डिझाइन विभाग, इंजिनिअरिंग, खर्चाचा हिशेब पाहणारे आणि विक्रीवाले यांना कागदावरची गाडी वेगवेगळी दिसते. पूर्ण आकाराची वस्तू समोर उभी राहिली की सगळे एकाच गाडीबद्दल बोलू लागतात. पुढची पाच वर्षं नाक कसं असेल, खांद्याची रेघ कुठून जाईल, दिवे बारीक असतील की जाड, हे तिथे ठरतं. म्हणून एखादी कन्सेप्ट स्वतः बाजारात आली नाही तरी तिचा चेहरा कंपनीच्या तीन-चार गाड्यांवर दिसत राहतो.

कन्सेप्ट कार खरंच चालते का?

सगळ्या चालत नाहीत. काही नुसतं कवच असतात. काळ्या काचा, आत काही नाही, ट्रेलरमधून ढकलत मंचावर आणायची. बऱ्याच गाड्यांत छोटी मोटर आणि बॅटरी असते, त्यावर माणसाच्या चालीने मंचावर ये-जा होते. त्यांचं सस्पेन्शन जवळजवळ घट्ट असतं. खरोखर रस्त्यावर धावणाऱ्या थोड्या. त्या बहुधा चालू गाडीच्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे खालच्या तयार सांगाड्यावर, बांधलेल्या असतात.

कन्सेप्ट बनते कशी? पायऱ्या सांगा.

सुरुवात पॅकेजपासून होते. बॅटरी किंवा इंजिन कुठे, चाकं कुठे, माणसं कुठे बसणार याचा आराखडा म्हणजे पॅकेज. त्यातला कळीचा बिंदू एच-पॉइंट, म्हणजे बसलेल्या माणसाच्या कंबरेचा सांधा. तो ठरला की छताची उंची, काचेचा उतार आणि बोनेटवरून पुढचा रस्ता किती दिसेल, हे सगळं त्यामागून ठरतं. नवशिके नेमकी हीच पायरी गाळतात. देखणं चित्र काढतात आणि मग माणसाचं डोकं छताबाहेर येतं.

पॅकेजवर स्केचेस होतात. त्यांतली निवडक काही टेप ड्रॉइंग म्हणून पूर्ण आकारात भिंतीवर येतात. काळी लवचिक टेप ताणून रेघ मारायची, आवडली नाही तर उचलून पुन्हा लावायची. चार मीटर लांब रेघेतला बाक छोट्या स्क्रीनवर कळत नाही, भिंतीवर लगेच कळतो.

मग मातीचं मॉडेल, आधी लहान प्रमाणात, नंतर पूर्ण आकारात. आत स्टीलचा सांगाडा, त्यावर लाकूड आणि फोम. फोम अंतिम आकारापेक्षा २५ ते ४० मिमी आत कापतात आणि तेवढाच थर मातीचा देतात. पूर्ण भरीव माती घातली तर वजन सांगाड्याला पेलत नाही. माती ओव्हनमध्ये ५५ ते ६० अंशांवर मऊ करून हाताने दाबून लावतात. थंड झाली की ती साबणासारखी कडक होते. पाच अक्षांचं मिलिंग मशीन संगणकातला आकार तिच्यात कोरतं आणि उरलेलं काम मॉडेलर हाताने करतो. पृष्ठभाग तयार झाला की रंगासारखी दिसणारी ताणली जाणारी फिल्म पाण्याने चिकटवतात आणि मॉडेल उजेडात नेतात. प्रकाशाची रेघ कुठे तुटते, कुठे लचकते, ते तेव्हा दिसतं. फिल्म काढायची, माती खरवडायची, पुन्हा फिल्म लावायची. हा फेरा बऱ्याच वेळा होतो.

आकार पक्का झाला की मॉडेल स्कॅन होतं. संगणकात त्याचे गुळगुळीत पृष्ठभाग तयार होतात, त्यावरून साचे, साच्यांतून फायबर किंवा कार्बन फायबरचे भाग, मग रंग, काचा, दिवे. बहुतेक कन्सेप्टना पत्रा लागतच नाही. दाखवलेली आणि विकलेली गाडी यांतल्या फरकाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

संगणक असताना अजून माती कशाला?

स्क्रीनवर गाडी नेहमी फोटोसारखी दिसते. तिच्याभोवती चालता येत नाही, हात फिरवता येत नाही. व्हीआर चष्म्याने बरंच काम हलकं केलं आहे, काही कंपन्यांनी मातीचे फेरे कमीही केले आहेत. तरी शेवटचा निर्णय पूर्ण आकाराची वस्तू उजेडात पाहून घेण्याची पद्धत टिकून आहे. प्रेस शॉपमधला अनुभवी माणूस हातमोजा घालून पत्र्यावर हात फिरवतो किंवा ऑइल स्टोन घासतो. मोजपट्टीत न सापडलेला उंचवटा त्याला तिथे सापडतो. मातीचंही तसंच आहे.

शोरूममध्ये येईपर्यंत गाडी एवढी बदलते का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तरही लांब.

चाकांपासून सुरुवात करू. रस्त्यावरच्या गाडीत टायरसकट चाकाची उंची गाडीच्या उंचीच्या साधारण ४० ते ४५ टक्के असते. कन्सेप्टमध्ये ती ५० च्या आसपास नेतात. गाडी लगेच दमदार दिसते. पण खऱ्या गाडीत चाक खड्ड्यात वर उसळतं, वळताना तिरकं होतं, म्हणून त्याच्याभोवती मोकळी जागा ठेवावीच लागते. टायरची किंमत आणि खड्ड्यात रिम वाकण्याचा धोका वेगळाच. चाक लहान झालं की तीच गाडी पोटाला सुटल्यासारखी दिसते, मग दारांच्या खाली काळं प्लास्टिक लावून रंगीत भागाची उंची कमी भासवतात. ते प्लास्टिक खडीपासून बचाव करतं हे खरं, पण निम्मं काम डोळ्यांसाठी असतं.

मग पत्रा. बाहेरच्या पॅनेलचा पत्रा साधारण ०.६५ ते ०.८ मिमी जाड. फायबरमध्ये सुरीच्या पात्यासारखी धार काढता येते. पत्रा त्या धारेवर ताणला गेला की पातळ होतो आणि चिरतो, म्हणून काही मिलीमीटरची गोलाई द्यावीच लागते. खोली जास्त असेल तर एका ठोक्यात काम होत नाही. ड्रॉ (ताणून आकार देणं), ट्रिम (कडा कापणं), फ्लँज (कडा वळवणं), रिस्ट्राइक (पुन्हा ठोकून आकार पक्का करणं) अशी एका पॅनेलला चार-पाच डायची रांग लागते, आणि प्रत्येक वाढीव डाय म्हणजे मोठा खर्च. डायमधून सुटल्यावर पत्रा थोडा मागे येतो, ते स्प्रिंगबॅक आधीच धरून डाय कापावी लागते. आकार आतल्या बाजूला वळलेला असेल तर पॅनेल डायमधून सुटतच नाही. कन्सेप्टच्या मागच्या फेंडरवर दिसणारी खोल वळणदार घडी उत्पादनात उथळ होते ती यामुळे. डिझायनरचं धैर्य संपलं असा त्याचा अर्थ लावू नये.

काचांचं गणित वेगळं. दाराची काच खाली दारात उतरायची असते, म्हणून तिचा बाक संपूर्ण उंचीभर एकसारखा लागतो. कन्सेप्टच्या काचा उघडतच नाहीत, त्यामुळे हवा तसा बाक चालतो.

दिव्यांवर नियमांचा हात आहे. डिप्ड बीम (हेडलॅम्पचा खाली झुकलेला झोत) देणारा दिवा जमिनीपासून ५०० ते १,२०० मिमी या पट्ट्यातच हवा, असं आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. एसयूव्हीचं नाक उंच असलं की बोनेटच्या कडेला लावलेला दिवा वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. त्यावर तोडगा निघाला तो आज सगळीकडे दिसतो: वर बारीक डीआरएल (दिवसा लागणारे दिवे), खरा हेडलॅम्प खाली बंपरमध्ये. टाटाच्या एच५एक्स कन्सेप्टमध्ये आणि नंतर हॅरिअरमध्ये हीच मांडणी आहे. बंधनातून निघालेली युक्ती लोकांना आवडली आणि तिची फॅशन झाली, याचं हे उत्तम उदाहरण.

याखेरीज पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर बोनेटखाली कडक भागापर्यंत मोकळी जागा लागते, म्हणून नाक फुगतं. मधला खांब नसलेली, समोरासमोर उघडणारी दारं देखणी असतात, पण बाजूने धडक बसली तर तो खांबच माणसाला वाचवतो. मागे ५०० × १२० किंवा ३४० × २०० मिमीची नंबरप्लेट आणि तिच्यावर दिवा बसवावा लागतो. कन्सेप्टवर तिथे स्वच्छ कोरी जागा असते.

शेवटचं कारण उष्णता. लॅम्बोर्गिनी काउंटाशची एलपी५०० ही कन्सेप्ट १९७१ मध्ये जिनिव्हाला आली. मार्चेल्लो गांदिनी यांची पाचरीसारखी नितळ रेघ, अंगावर एकही जास्तीचा कट नाही. चालवून पाहिल्यावर इंजिन तापू लागलं. १९७४ मध्ये विक्रीला आलेल्या एलपी४०० वर बाजूला हवेचे खोल कट आणि खांद्यावर हवा आत घेणारी खोकी आली. पुढे ती खोकीच काउंटाशची ओळख बनली. मूळ एलपी५०० क्रॅश टेस्टमध्ये खर्ची पडली.

भारतातल्या कोणत्या कन्सेप्ट पाहाव्यात?

जोडीने पाहा: आधी कन्सेप्टचा फोटो, शेजारी विक्रीची गाडी. टाटा एच५एक्स (ऑटो एक्स्पो २०१८) आणि हॅरिअर (२०१९). त्याच एक्स्पोतली ४५एक्स आणि अल्ट्रोझ (२०२०). एच२एक्स (जिनिव्हा २०१९), तिच्यापुढची पायरी एचबीएक्स (ऑटो एक्स्पो २०२०) आणि पंच (२०२१). ही तीन फोटोंची मालिका शिकायला सर्वांत चांगली, कारण मधली पायरीही लोकांसमोर आली. कर्व्ह एप्रिल २०२२ मध्ये कन्सेप्ट म्हणून आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विक्रीला; मागे उतरणारं छत शेवटपर्यंत टिकवलं.

मारुतीची एक्सए अल्फा २०१२ ची, तिच्यातून २०१६ मध्ये व्हिटारा ब्रेझा आली. फ्यूचर-एस २०१८ ची, तिची एस-प्रेसो २०१९ मध्ये. या दुसऱ्या जोडीत कन्सेप्टचा रुबाब खूपच कमी झालेला दिसतो. किंमत कमी ठेवायची तर चाकं आणि रुंदी दोन्हींवर कात्री चालते.

महिंद्राने १५ ऑगस्ट २०२२ रोजी इंग्लंडमधल्या बॅनबरीच्या स्टुडिओत पाच इलेक्ट्रिक कन्सेप्ट दाखवल्या. त्यांतली बीई.०५ नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ई नावाने आली, लवकरच तिचं नाव बीई ६ झालं. सी आकाराचे दिवे, बोनेटमधून वाहणारी हवा, ड्रायव्हरला वेगळं कोंदण देणारा डॅशबोर्डचा पट्टा, हे सगळं टिकलं. अलीकडच्या भारतीय गाड्यांमध्ये कन्सेप्टशी इतकी इमानदार राहिलेली गाडी क्वचितच सापडते.

बीई ६ ला लांबीचा फायदा होता असं म्हणतात. तो कसा?

२००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर, म्हणजे पेट्रोल १,२०० सीसी आणि डिझेल १,५०० सीसीपर्यंत, १८ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्यांवर ४०. म्हणून नेक्सॉनसारखी गाडी ३,९९५ मिमीवर थांबते. चार मीटरवर येण्यासाठी बंपर चपटे होतात, मागचा भाग उभा कापल्यासारखा येतो. इलेक्ट्रिक गाड्यांवर लांबी कितीही असली तरी ५ टक्केच कर आहे. बीई ६ ची लांबी ४,३७१ मिमी ठेवता आली, त्यात याचा हात आहे. नाक-शेपटीची ओढाताण वाचली की प्रमाण टिकतं.

प्रमाण बिघडलं तर काय होतं?

पॉन्टिअॅक अॅझटेक पाहा. १९९९ ची कन्सेप्ट लोकांना आवडली होती. उत्पादनात ती मिनीव्हॅनच्या प्लॅटफॉर्मवर बसवली, त्यामुळे गाडी उंच आणि अरुंद दिसू लागली. घड्या, दिवे, काळं प्लास्टिक सगळं जवळपास तेच होतं, पण गाडी कुरूप म्हणून गाजली. तपशील वाचवून प्रमाण घालवलं की हे असं होतं. उलटं केलेलं परवडतं.

कधीच न आलेल्या कन्सेप्ट वाया गेल्या का?

नाही. १९७० ची लान्चिया स्ट्राटोस झीरो जमिनीपासून जेमतेम ८४ सेंमी उंच होती. पुढची काच उघडून आत शिरायचं. अशी गाडी कोण विकणार? पण त्या पाचरीच्या आकाराने पुढची पंधरा वर्षं गाड्यांच्या रेघा बदलल्या. ह्युंदाईची १९७४ ची पोनी कूपे त्या वेळी उत्पादनात गेली नाही. २०१९ च्या ४५ कन्सेप्टने तिची आठवण जागवली आणि त्यातून २०२१ मध्ये आयोनिक ५ आली. बीएमडब्ल्यूच्या २००८ च्या जिनाला तर पत्र्याऐवजी ताणलेलं कापड होतं. टाटाची रेसमो (२०१७) आली नाही याची मात्र आम्हाला मनापासून खंत आहे.

फोटो पाहून कसं ओळखायचं की ही गाडी खरंच येणार?

दाराची हँडल्स आणि आरसे पाहा. खरे, पकडता येतील असे असतील तर काम पुढे गेलेलं आहे. दारांमधल्या फटी पाहा. खऱ्या गाडीत फट सरळ, एकसारखी आणि बिजागरीचा विचार केलेली असते. वायपर, इंधनाचं किंवा चार्जिंगचं झाकण, बंपरवरची सेन्सरची टिकली, नंबरप्लेटची जागा, मागच्या सीटवर डोक्यासाठी उरलेली उंची, ही सगळी पक्की चिन्हं. आत नेहमीच्या गाडीचे एसी व्हेंट आणि स्टीअरिंगमागचे दांडे दिसले की समजा, वर्ष-दीड वर्षात गाडी येते. चार सुट्या लाउंज खुर्च्या आणि घडी होणारं स्टीअरिंग दिसलं तर तिच्यात फक्त चेहरा पाहा, तोच पुढे कुठेतरी उतरेल.

नाशिकमध्ये कन्सेप्ट कार बनतात का?

डिझाइन स्टुडिओ इतर गावांत आहेत. महिंद्राचे मुंबईत आणि बॅनबरीत, टाटाचे पुण्यात, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत आणि इटलीतल्या तोरिनोत. इटलीची पिनिनफारिना ही डिझाइन कंपनी महिंद्रा समूहाकडे आहे. नाशिकचं काम त्यापुढचं. पहिली स्कॉर्पिओ २००२ मध्ये इथून निघाली, थार इथे बनते. सातपूर, अंबड आणि सिन्नरमधल्या टूलरूम, प्रेस शॉप आणि प्लास्टिक मोल्डिंगची युनिट्स डिझायनरच्या रेघेचं डाय-फिक्स्चरमध्ये भाषांतर करतात. डिझाइन शिकणाऱ्या मुलाने इथल्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये महिनाभर उभं राहून पाहिलं तर त्याची रेघ बदलते. मोठ्या शहरातल्या मुलाला ही सोय सहज मिळत नाही.

घरी मॉडेल करायचं आहे. कुठल्या मापाचं, किती साहित्य?

१:१० घ्या. चार मीटरची गाडी ४०० मिमी होते, १.८ मीटर रुंदी १८० मिमी, २.५ मीटर व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) २५० मिमी आणि चाक ६६ ते ७४ मिमी. १८ मिमी प्लायवर ६०० × ३०० मिमीचा पाट, त्यावर ५० मिमीच्या चौकटी आखून घ्या. गाभा थर्माकोल किंवा दाट फोमचा, अंतिम आकारापेक्षा १५ मिमी आत. एवढ्याला चार ते पाच किलो स्टायलिंग क्ले लागते. ती महाग आहे, म्हणून पहिल्या वेळी अर्धी गाडी करा आणि मध्यरेषेवर आरसा लावा. माती निम्मी लागते आणि दोन्ही बाजू सारख्या करण्याची झटापट वाचते. एक काळजी घ्या. ३ मिमी काचेच्या आरशात पारा मागच्या बाजूला असतो, त्यामुळे गाडी मध्ये सुमारे ४ मिमी जास्त रुंद दिसते. मॉडेल मध्यरेषेपासून २ मिमी आत थांबवा.

माती ५५ ते ६० अंशांवर ओव्हनमध्ये तासभर ठेवा. मायक्रोवेव्ह नको, आतून वितळते आणि बाहेरून कडक राहते. स्वयंपाकाचा ओव्हन अजिबात नको. बऱ्याच स्टायलिंग क्लेमध्ये गंधक असतं. पहिला थर ३ ते ५ मिमीचा, अंगठ्याने जोरात फोममध्ये दाबून. तो नीट बसला नाही तर वरचं सगळं नंतर पापुद्र्यासारखं सुटतं. सनबोर्डचे किंवा ३ मिमी अॅक्रेलिकचे छाप कापून ते मातीवर ओढत आकार काढा. मग हॅक्सॉ ब्लेडच्या दातेरी बाजूने आधी एका दिशेने, मग आडवं खरवडा. एकाच दिशेने खरवडलं तर लाटा राहतात. शेवटी पातळ स्प्रिंग स्टीलची पट्टी वाकवून सपाट ओढा आणि ट्यूबलाइटखाली रेघ पाहा.

गणपतीसाठी वापरतो ती शाडू चालेल का?

एका बैठकीत होणाऱ्या, हातात मावेल अशा आकाराच्या अभ्यासाला चालेल. डिझाइन मॉडेलला नाही. शाडू सुकताना आकसते, आतला गाभा आकसत नाही, म्हणून तडा जातोच. शिवाय आज केलेला आकार पंधरा दिवसांनी बदलता येत नाही. स्टायलिंग क्ले सुकत नाही, गरम केली की पुन्हा मऊ. मुलांची रंगीत क्ले याच्या उलट: इतकी मऊ की धार उभी राहत नाही, आणि एप्रिल-मेच्या दुपारी तर खिडकीजवळ ठेवलेलं मॉडेल बसतं.

मॉडेलवरून फायबरची बॉडी काढताना काय बिघडतं?

पॉलिएस्टर रेझिन थेट थर्माकोलवर लावलं तर ते थर्माकोल विरघळवतं. मध्ये अडथळ्याचा थर द्या किंवा इपॉक्सी वापरा. गंधकाच्या क्लेवर प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉन ओतलं तर ते चिकटच राहतं, जमत नाही. आधी चांगला सीलर हवा.

हार्डनर साधारण १ ते २ टक्के. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा पारा एक आकडी होतो, तेव्हा रात्री केलेलं काम सकाळी ओलंच सापडतं. १५ अंशांखाली पॉलिएस्टर नीट जमत नाही. हार्डनर वाढवून भागवू नका, खोली गरम करा. मे महिन्यात उलट होतं, डब्यातच घट्ट होतं. थोडं-थोडं मिसळा. पावसाळ्यात काचतंतूंची मॅट ओलसर राहिली की थरांत पांढरे डाग येतात. ती कोरड्या पेटीत ठेवा.

एक गोष्ट कधीही करू नका: हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन जमण्याचा वेग वाढवणारं द्रव) एकमेकांत थेट ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी, तिन्ही हवेत.

माझ्या गाडीला कन्सेप्टसारखं रूप देता येईल का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने नोंदवलेल्या तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. रुंद फेंडर, कापलेलं छत, बदललेला सांगाडा नियमात बसत नाही. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, त्यामुळे कन्सेप्टसारखी काळी काच विसरा. अपघात झाल्यावर विम्याचा दावा अडकतो, हा त्रास दंडापेक्षा मोठा. हौस १:१० मध्ये भागवा, तिथे कुणाची परवानगी लागत नाही.

हे शिकायचं कुठे?

बारावीनंतर बी.डेस.साठी यूसीड, पदवीनंतर एम.डेस.साठी सीड, दोन्ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. एनआयडीची डॅट वेगळी. एनआयडीच्या गांधीनगर केंद्रात वाहन डिझाइनचा एम.डेस. आहे, पुण्यातही वाहन डिझाइनचे अभ्यासक्रम आहेत.

मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आहे, चित्र येत नाही. मार्ग बंद का?

नाही. स्टुडिओत स्केच करणाऱ्यांपेक्षा इतर कामं करणारे जास्त असतात. मॉडेलर, डिजिटल पृष्ठभाग करणारे, पॅकेज सांभाळणारे, डिझाइन आणि उत्पादन यांच्यामध्ये उभे राहणारे स्टुडिओ इंजिनिअर. शेवटच्या कामात तर डाय आणि पत्रा कळणाऱ्या माणसाला फार मान आहे. "ही घडी जमणार नाही" म्हणणारे पुष्कळ असतात. "चार मिमी वर घेतली तर एक डाय वाचेल आणि घडी राहील" असं सांगणारा हवा असतो.

चित्राचं म्हणाल, तर रोज एक गाडी फक्त बाजूने काढा. आधी दोन चाकं, मग त्यांच्यामधलं अंतर, मग छत. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचं चाक बोटांच्या चिमटीत धरून मोजा: दोन चाकांमध्ये अशी किती चाकं मावतात? बहुतेक गाड्यांत तीनच्या आसपास, कुठे थोडी कमी, कुठे थोडी जास्त. पन्नासेक गाड्या मोजून झाल्या की कॉलेज रोडवरून जाताना कुठल्या गाडीचं प्रमाण चुकलं आहे ते आपोआप दिसायला लागतं. तेव्हा कन्सेप्टचे फोटो पुन्हा काढून बसा.